फियाट पद्मिनी घाटात बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, नेमकं काय बिघडलं असेल?

तुमची १९८४ ची पद्मिनी पुण्याहून कोल्हापूरला जाताना खंबाटकीच्या चढावर बंद पडते. टेंपरेचरचा काटा मधेच असतो. अर्ध्या तासाने गाडी काही झालंच नाही अशी सुरू होते, आणि दोनदा कार्बोरेटर साफ करूनही फरक नाही. मग आता कार्बोरेटर तिसऱ्यांदा खोलू देऊ नका. जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात) अडकलेला कचरा अर्धा तास थांबलं म्हणून सहसा निघून जात नाही. तापल्यावर बिघडणारं आणि निवल्यावर बरं होणारं या गाडीत दोन ठिकाणी असतं: करंट नाहीतर पेट्रोल.

बंद पडते कशी, हे आधी आठवा. चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गप्प झाली, किंवा आधी सायलेन्सरमधून फटफट आवाज आले, तर संशय कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टचा करंट बनवणारा भाग) आणि कंडेन्सर (ठिणगीच्या सर्किटमधली छोटी डबी) यांच्यावर. पिकअप कमी होत, झटके देत दहा-वीस सेकंदांनी मेली, तर पेट्रोल पोहोचत नाहीये.

खात्री मात्र बंद पडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच होते, गाडी निवली की काही सापडत नाही. डावीकडे घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, मागे त्रिकोण ठेवा. पेट्रोलचा पाइप काढण्याआधी करंट बघायचा, क्रम उलटा नको. कॉइलकडून डेल्कोच्या (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या) मधोमध येणारी जाड वायर त्याच्या टोपीतून ओढून काढा. रबरी मुठीच्या पकडीने तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून ५-६ मिमीवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, चट्‌चट् वाजणारी ठिणगी आली तर कॉइल, पॉइंट (डेल्कोतले उघडझाप करणारे संपर्क), कंडेन्सर ठीक आहेत. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर आधी कंडेन्सर बदला. एका स्क्रूचं काम आहे. त्याने भागलं नाही तर कॉइल.

पॉइंट करपलेले, खड्डे पडलेले असतील तर कंडेन्सरचा संशय पक्का धरा. गॅप ०.४ ते ०.४५ मिमी ठेवा. पॉइंटची टाच झिजली की गॅप आपोआप कमी होतो, म्हणून प्रवासाआधी तो फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायचाच. कॉइल हात ठेववणार नाही इतकी तापत असेल तर मल्टिमीटरने तिच्या + आणि − मधला रोध मोजा. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा ३ ओहमच्या आसपास येतो. दीडच्या आसपास आला तर ती बॅलास्ट रेझिस्टरवाली (करंट कमी करणारा वेगळा रोध लागणारी) कॉइल आहे. रेझिस्टर नसताना लावली की ती तापते आणि पॉइंटही खाते.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे वळा. सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरू झाली, तर झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलंय. टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. फुकटात सुटणारा दोष आहे, तरी गॅरेजमध्ये हे क्वचितच कोणी बघतं.

आवाज नाही आला तर कॉइलची + वायर काढून टेप लावून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. झटक्याझटक्याने भरघोस धार आली पाहिजे. नुसते बुडबुडे आले तर दोन शक्यता. एक, टाकी ते एसी पंप (इंजिनवर चालणारा पेट्रोल पंप) या भागात रबरी पाइपला चीर आहे. तिथे पंप खेचत असतो, त्यामुळे पेट्रोल बाहेर न गळता हवा आत शिरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरी, व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन वाट अडणं. एसी पंप इंजिनच्या ब्लॉकलाच बसवलेला असतो. चढावर इंजिनची धग आणि पंपाची खेच एकत्र आली की आतलं पेट्रोल उकळतं, आणि पंपातला डायफ्रॅम (रबरी पडदा) वाफ ढकलत बसतो. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने हा त्रास वाढू शकतो. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅमही त्याने फुगतात, म्हणून ते इथेनॉल चालणाऱ्या रबराचेच घ्या.

रस्त्यावरचा उपाय सोपा आहे. बॉनेट उघडं ठेवा, पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं गुंडाळा, १५-२० मिनिटं थांबा. पाणी मॅनिफोल्डवर (इंजिनला लागून असलेल्या धुराच्या बिडाच्या पाइपवर) ओतू नका, तापलेलं बीड तडकतं. पुढचा चढ तिसऱ्यात रडवत नेण्यापेक्षा दुसऱ्यात थोड्या जास्त आरपीएमवर घ्या, म्हणजे पंखा आणि वॉटर पंप फिरत राहतात. वर पोहोचल्यावर चहासाठी लगेच चावी काढू नका. दोन मिनिटं स्लोवर चालू द्या, नाहीतर पंखा थांबतो आणि सगळी धग पंपाकडे चढते.

कायमचं काम करताना पंप आणि ब्लॉक यांच्यामधला इन्सुलेटिंग स्पेसर मूळ जाडीचाच ठेवा. उष्णता अडवायला जास्तीची गॅसकेटं घातली की पंपाच्या दांडीचा स्ट्रोक कमी होतो आणि धार आणखी बारीक होते. इलेक्ट्रिक पंप लावायचा असेल तर कार्बोरेटरवाल्या गाडीचा, २ ते ३.५ पीएसआयचा घ्या आणि टाकीजवळ बसवा. इंजेक्शन गाडीचा पंप ४०च्या वर दाब देतो. तो कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हला पेलत नाही, कार्बोरेटर ओसंडून वाहतो आणि आग लागू शकते. वायरिंग रिलेतून आणि ऑइल प्रेशर स्विचमधून घ्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल.

डिकीत कंडेन्सर, पॉइंट सेट, रोटर, कॉइल, एसी पंपाचं किट, मीटरभर पेट्रोल पाइप क्लिपांसह, फिल्टर, फॅन बेल्ट, ५ लिटर पाणी आणि एक किलोचं ड्राय पावडर अग्निशामक असू द्या. पुण्याच्या नाना पेठेत यातलं बरंचसं मिळेल. पण हल्लीचे कंडेन्सर नवेकोरे असतानाच दगा देतात. म्हणून नवा कंडेन्सर आणि कॉइल आधी गाडीला लावून शंभरेक किलोमीटर चालवा, मग उतरवून डिकीत टाका. जुना चालू कंडेन्सर फेकू नका. आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर फिरवा. गाडी मात्र फ्लॅटबेडवरच चढवून न्या.