लहान बाळ असताना स्वावलंबी होण्यासाठी आधी काय शिकावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २२, बाळ दहा महिन्यांचं, नवरा कामाला सुरतेला, स्वतः सासू-सासऱ्यांसोबत दोंडाईचाजवळच्या गावात. बारावी झालेली. "प्रत्येक गोष्टीला कोणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागतं. कोणता क्लास लावू? मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकता येईल का?"

मी अमळनेरची. माझेही मालक बरीच वर्षं सुरतेतल्या उधन्याला लूमवर (यंत्रमागावर) होते, त्यामुळे तुझं घर मला न बघता दिसतं. वयाने मोठी आहे म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

क्लासचं नंतर बघू. तू जे लिहिलंस त्यात पैसे कमी पडतात असं कुठेच नाही. कोणाची तरी वाट बघावी लागते, असं आहे. मग आधी ती वाट बघणं कमी करायचं. आठवडाभर एवढंच कर: जेव्हा जेव्हा "हे आले की करू", "दीर मोकळे झाले की जाऊ" असं तोंडातून निघेल, तेव्हा ते काम कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेव. तीच तुझी शिकायची यादी. माझी यादी तुझ्या कामाची नाही, पण खान्देशातल्या बहुतेक घरांत या गोष्टी निघतातच.

पहिली म्हणजे फोन नंबर. तुझ्या आधारला आणि बँक खात्याला कोणाचा नंबर जोडलाय ते आज बघ. बहुतेक नवऱ्याचाच निघेल. माझ्या खात्याला यांचा होता. इकडे मी सेवा केंद्रात बाळ कडेवर घेऊन उभी, ओटीपी जायचा उधन्याला, आणि लूमच्या खडखडाटात यांना रिंगसुद्धा ऐकू यायची नाही. फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. आधारचा मोबाईल नंबर आधार केंद्रात जाऊन बोटाचे ठसे देऊन बदलता येतो, थोडी फी लागते. बँकेत वेगळा अर्ज द्यायचा. हे दोन्ही झालं की मग एटीएमचा पिन स्वतः तयार कर आणि पहिले शंभर रुपये स्वतःच्या हाताने काढ. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० रुपये बायकांच्या खात्यात येतात, पण ते काढायला कार्ड कोणाच्या हातात जातं ते तुझ्या गल्लीत एकदा बघ. मला त्यात कोणाला नावं ठेवायची नाहीत. शिकवलंच नाही तर बाई काय करणार.

सोबत एवढं डोक्यात पक्कं ठेव, पैसे *येण्यासाठी* पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी फोनवर तसं सांगितलं की फोन ठेवून द्यायचा. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच कळवायचं. जितक्या लवकर कळवशील तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट वीज. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घरोघरी पत्र्याचा कूलर असतो आणि रांगणारं लेकरू त्याच्याच आजूबाजूला असतं. कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढायची. अनेक घरांत कूलरला दोनच काड्यांची पिन असते किंवा तिसरी काडी असते पण घराला अर्थिंगच नसतं. मग आत कुठे वायर सोललेली असली की सगळा पत्रा जिवंत. ओले हात, अनवाणी पाय आणि पत्रा, यातून दर उन्हाळ्यात माणसं जातात. वायरमन आला की त्याला दोन प्रश्न विचारायला शिक: अर्थिंग चालू आहे का, आणि बोर्डात आरसीसीबी आहे का? एमसीबी असली की सगळे म्हणतात "आहे ना सेफ्टी". एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झाला तर पडते, माणसाला शॉक बसला तर ती पडेलच असं नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते. सासऱ्यांना खर्च सांगताना नातवाचं नाव पुढे कर, काम होतं.

कूलरचा पंप पाणी चढवत नाही म्हणून चार दिवस मेकॅनिकची वाट बघत उकाड्यात बसणं मात्र बंद कर. पिन काढ, पंप पाण्यातून उचल, खालची जाळी उघड. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आतल्या छोट्या पंखीला धरलेला असतो. जुन्या दातांच्या ब्रशने घास, लिंबाच्या पाण्यात थोडा वेळ ठेव, पंखी बोटाने फिरते का बघ, बसव. बहुतेक वेळा एवढंच असतं. आणि छताचा पंखा हळू फिरायला लागला तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, २.५ मायक्रोफॅरडचा. तो तू बदलू नकोस, पण वायरमनला "कपॅसिटर बघा आधी" म्हणता आलं की तो पंखा खोलून दुकानात नेत नाही. स्वावलंबन म्हणजे सगळं स्वतः करणं नव्हे गं, कोणी येऊन आपल्याला गुंडाळून जाऊ नये, इतकं तरी कळलं पाहिजे.

गॅसचं थोडक्यात: वास आला तर कुठल्याही बटणाला हात नाही, चालू नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाळाला घेऊन बाहेर, आणि १९०६ वर फोन. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवर लिहिलेलं वाच. A, B, C, D म्हणजे वर्षाचे तीन-तीन महिने आणि पुढे साल. ती टाकीच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर टाकी परत पाठव. डिलिव्हरीवाला तोंड वाकडं करेल, करू दे.

आता बाळाचं आजारपण. उन्हाळ्यात नाहीतर पावसाच्या सुरुवातीला जुलाब लागतात आणि घरात प्रत्येकाचा वेगळा सल्ला सुरू होतो. तुझ्याकडे ओआरएसची पाकिटं घरात असली पाहिजेत, आशाताईकडे मिळतात. अख्खं पाकीट एकाच वेळी, त्यावर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायचं. मोठं पाकीट एक लिटरचं असतं. चिमूट-चिमूट काढून वाटीत कालवायचं नाही, मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. तयार पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सहा महिन्यांवरच्या बाळाला जुलाबात झिंक दिवसाला २० मिलिग्रॅम, १४ दिवस देतात. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायचं नाही. आणि बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले, लघवी होत नाही, पाणीसुद्धा पीत नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरात चर्चा करायची नाही, दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन करायला कोणाची परवानगी लागत नाही.

तापाच्या औषधाचंही असंच. पॅरासिटामॉलचे थेंब वेगळ्या ताकदीचे आणि सिरप वेगळ्या ताकदीचं. शेजारणीने "पाव चमचा दे" सांगितलेलं तिच्या बाटलीचं असतं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलीस की बाळाच्या वजनाप्रमाणे किती मिली, ते तुझ्या बाटलीवरच पेनाने लिहून घे. तुझं बाळ दहा महिन्यांचं, म्हणजे नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस झाली असावी. कार्ड काढून बघ. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. तेव्हा एकटी घेऊन जा.

एकटीनं जाण्याची सवय ही तर वेगळीच विद्या आहे. तुझं नशीब चांगलं, दोंडाईचा सुरत-भुसावळ मार्गावर आहे. नवऱ्याने न्यायला येण्याची वाट बघण्यापेक्षा एकदा स्वतः तिकीट काढून बाळासकट सुरतेला जा. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट नाही. एसटीत तर मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे. पहिल्या वेळी घरात गोंधळ होईल. आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुले इतली काय घाई शे?" परत आले तेव्हा त्यांनीच विचारलं, नाशिकला लेकीकडे जायचंय, तू येशील का सोबत.

सासूबाई हा तुझा खरा क्लास आहे, हे मात्र मला कोणी सांगायची गरज पडली नाही, कारण आमच्या घरी बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) हंगाम मोठा असतो. तुमच्याकडेही असेलच. आंबवलेल्या ज्वारीचा तीळ-जिरं-लसूण घातलेला गरम घाटा ओल्या कापडावर थापायचा असतो. हात पाण्यात बुडवत, भाजून न घेता, सगळीकडे सारखा पातळ. घाटा गार झाला की थापला जात नाही, फार पातळ झाला की बिबडी कापडावरून सुटताना फाटते. हे व्हिडिओत दिसतं, हाताला कळत नाही. हाताला कळायला सासूबाईंच्या शेजारी बसावं लागतं. त्यांना "शिकवा" म्हटलेलं आवडतं, आणि त्या शिकवत असतात तेव्हा बाळ कोणाकडे द्यायचं हा वाद होत नाही.

यातच पैशाचा प्रश्न येतो. सगळे तुला शिलाईचा क्लास सांगतील. शिलाई चांगलीच आहे, पण प्रत्येक गल्लीत चार मशिनी आधीच आहेत, आणि कटोरी ब्लाउजचा मुंढा नीट बसायला दोन-तीन महिन्यांच्या क्लासने होत नाही, वर्ष जातं. बाळ लहान असताना फॉल-पिको बरं, मध्येच उठता येतं. माझं मत विचारशील तर तुझं गिऱ्हाईक सुरतेत आहे. उधना, लिंबायत भागात आपलीच माणसं भरलेली आहेत. बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड त्यांना हवेच असतात, पण वाळवायला गच्ची नाही आणि वेळही नाही. तुझा नवरा तिथे आहे. दिवाळीनंतर त्याच्या खोलीच्या आजूबाजूला विचारायला सांग, ऑर्डर आधी घे, उन्हाळ्यात कर.

फक्त भाव काढताना बायका जी चूक करतात ती करू नकोस. ज्वारी, तीळ, दळण, गॅस, पिशवी, पार्सल एवढं धरतात आणि वर थोडे मिळवतात. स्वतःची मजुरी धर. तुमच्या गावात कापूस वेचायला किंवा निंदणीला बाईला दिवसाला जी मजुरी मिळते, निदान तेवढी तुझी आणि तेवढीच सासूबाईंची. ती धरून भाव जास्त वाटला तर तो माल विकायचा नाही, घरी खायचा. विक्री नियमित झाली की अन्नसुरक्षेची नोंदणी करून घे, छोट्या घरगुती कामासाठीही ती असते.

बचत गटात जा, पण नुसती सही करायला नको. गटाची वही लिहायचं काम मागून घे, बारावी झालेली आहेस, देतील. व्याज तिथे कळतं. महिन्याला "दोन रुपये शेकडा" ऐकायला किती हलकं वाटतं, वर्षाचे २४ टक्के झाले की नाही? पुढे फवारणीचं औषध, बियाणं उधारीवर घ्यायची वेळ आली की घरात हा हिशोब करणारी तू असशील. शिकायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून पदवी होते, बाळ थोडं मोठं झालं की बघ. जवळपास प्रत्येक जिल्ह्यात बँकांच्या मदतीने चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिथलं प्रशिक्षण मोफत असतं, राहण्या-जेवणासह. बाळ घेऊन राहता येईल का, की रोज जाऊन-येऊन करता येईल, हे आधी विचारून घे.

व्हिडिओबद्दल विचारलंस. कूलरचा पंप, नळाचा वॉशर, बँकेचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट हे व्हिडिओ बघून जमतं, मीही तसंच करते. स्कूटी, शिलाई आणि बिबडी नाही जमत. बाळाच्या औषधासाठी तर व्हिडिओ बघूच नकोस. स्कूटी शिकायची असेल तर आधी लर्निंग लायसन्स काढ. ते सहा महिने चालतं, आणि ३० दिवसांनंतर पक्क्यासाठी परीक्षा देता येते. शिकवायला दीर तयार नसले तर नणंदेला विचार.