तळघरातल्या जाळीतून पावसाचं पाणी उलटं येतं, काय करावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जळगावला दुकानाच्या तळघरात जोराचा पाऊस झाला की फरशीतल्या जाळीतून पाणी वर येतं आणि प्लंबर म्हणतो नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देतो, उलटं आत येऊ देत नाही) टाका, काम झालं. टाकाच, पण आधी पाऊस चालू असताना रस्त्याकडचं चेंबर बघा. ते तुडुंब असेल तर गटार तुमच्याकडे उलटतंय, आणि ते मस्त वाहत असेल तर तुमचीच लाईन चोकअप आहे, मग व्हॉल्व्हचे पैसे पाण्यात.

आता खरी गोम. गच्चीचे पाईप कुठे सोडलेत? आपल्याकडे मिस्तरी ते सरळ तळघराच्याच लाईनला जोडून मोकळे होतात. बाहेरून दाब आला की व्हॉल्व्ह बंद होतो, बरोबर, पण मग आतलं पाणीपण बाहेर जात नाही ना भो! हजार स्क्वेअर फूट गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 2300 लिटर, ते सगळं खाली येणार अन् सगळ्यात खालचं तोंड तुमची जाळी, म्हणजे व्हॉल्व्ह असूनही तळघर भरणार आणि शिव्या खाणार प्लंबर. म्हणून गच्चीचं पाणी आधी वेगळं काढा. पण भिंतीला लागून शोषखड्डा नको, काळी माती पाणी धरून ठेवते, तेच मग भिंतीतून पाझरेल.

व्हॉल्व्हवरचा बाण गटाराकडे पाहिजे आणि तो उघडता येईल अशा चेंबरमध्येच बसवा, फरशीखाली गाडू नका. मृग लागायच्या आधी व्हॉल्व्हमधला फ्लॅप, म्हणजे आतली झडप, हलवून बघायचा. आमच्या भुसावळच्या गोडाऊनला फ्लॅपखाली गुटख्याची पुडी निघाली होती (बंदी 2012 पासून आहे म्हणे), एवढीशी पुडी पण फ्लॅप टेकतच नव्हता.

जाळीत गोणपाट कोंबून वर दगड ठेवतात ते काही खरं नाही.

तळघर रस्त्याच्या खाली आहे म्हटल्यावर कायमचा इलाज म्हणजे कोपऱ्यात खड्डा करून फ्लोटवाला पंप (पाणी चढलं की आपोआप चालू होणारा), त्याचा पाईप रस्त्याच्या लेव्हलच्या वर चढवून मग व्हॉल्व्हच्या पुढे गटारात सोडायचा, अलीकडे सोडला तर तेच पाणी गोल फिरत राहील. पावसात लाईट जातेच, तेव्हा इन्व्हर्टरवर चालेल असा घ्या. आणि शेतातला बोअरचा जुना सबमर्सिबल पडलाय म्हणून तो लावू नका, गाळात जाम होतो, मड पंपच लागतो.