पाऊस आला नाही तर पाप कोणाचं?

प्रश्न : पाळकसाहेबांनी बायबलच्या ‘अनुवाद’ पुस्तकाचा ११ वा अध्याय वाचून सांगितलं की पाऊस म्हणजे देवाची काळजी, आज्ञा मोडल्या की आभाळ बंद. यंदा आमची दुबार पेरणीही वाया गेली. शेजारच्या गावात मात्र झक्कास पडला. मग आम्हीच तेवढे पापी का? – एक भगिनी, जालना जिल्हा

उत्तर : ताई, तो अध्याय दहाव्या वचनापासून वाचा. इस्राएलांचा पुढारी मोशे, त्याच्यापुढे उभे आहेत ते लोक मिसर देशातून (इजिप्तमधून) आलेले. तिथं नाईलचं पाणी पाटानं यायचं, पायानं वाफ्यात सोडायचं. ते निघालेत तो कनान देश मात्र डोंगरदऱ्यांचा. यार्देन नदी आहे, पण ती गालील समुद्रातून निघतानाच समुद्रसपाटीच्या २०० मीटर खाली असते. तिचं पाणी डोंगरावरच्या गव्हाला कसं चढणार? म्हणजे सगळी भिस्त आभाळावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आगोटीचा पाऊस पडला की जमीन मऊ होऊन नांगर लागायचा, मार्च-एप्रिलात वळवाचा पडला की दाणा भरायचा. उन्हाळा कोरडा ठणठणीत. आणि गव्हाच्या कापणीत पाऊस आला तर लोक भेदरायचे, १ शमुवेल १२ पाहा. आपल्याकडे हरभरा काढणीला आला आणि गारपीट झाली, की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या अध्यायातली ताकीद मी पुसणार नाही. एका नगरावर पाऊस आणि दुसरं कोरडं, असं आमोस संदेष्टाही म्हणतो (आमोस ४:७). पण तो बोलतो कोणाशी? गरिबाला चिरडून हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्या, शोमरोन या राजधानीतल्या धनिकांशी. तेच वचन पेरणी बुडालेल्या बाईच्या माथी मारायचं, हे मला तरी पटत नाही. प्रभू येशूनं तर स्पष्टच सांगितलं की बाप नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो (मत्तय ५:४५). ईयोबाच्या पुस्तकात, ३८ व्या अध्यायात, माणूसच राहत नाही अशा रानावरही पाऊस पडतो. तिथं कोणाच्या पुण्याईचा हिशेब लावणार?

आता इस्राएलाचा राजा अहाब याच्या काळातला दुष्काळ घ्या. पाप राजाचं, पण आटला तो करीथ ओहोळ, ज्याचं पाणी एलीया संदेष्टा पीत होता. खुद्द संदेष्ट्याला पाण्यासाठी गाव सोडावं लागलं! देवानं त्याला धाडलं सारफथला, सीदोन प्रांतात, म्हणजे जिथं बआल हाच पावसाचा देव मानत. तिथं एक विधवा मूठभर पिठाची शेवटची भाकर भाजायला काटक्या वेचत होती. पाऊस तिथंही नव्हता. तरी मडक्यातलं पीठ सरलं नाही, कुपीतलं तेल आटलं नाही. देवाची काळजी दाखवायची तर मी हाच उतारा घेईन.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना १ राजे १७ वाचायला सांगा. आणि मंडळीच्या दानपेटीतून यंदा कोणाच्या बियाण्याची सोय होते का, तेही विचारा.