घरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचे रॉड आणि इतर सामान कसे ठेवावे?

आपला प्रश्न असा आहे : नाशिकमध्ये घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण लहानसे वर्कशॉप उभे केले आहे, तीन-चार प्रकारचे सुटे रॉड एकाच डब्यात मिसळले आहेत, पावसाळ्यानंतर त्यांपैकी काहींवर पांढरी बुकटी दिसू लागली आहे, आणि हे रॉड वाळवून वापरावेत की टाकून द्यावेत, तसेच बाकीचे सामान कसे लावावे, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनच्या कामात बरीच वर्षे काढली असून आता घरच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीत ग्रिल, गेट आणि द्राक्षमांडवाचे अँगल अशी किरकोळ कामे करतो, म्हणून स्वतःच्या चुकांसह लिहितो.

बहुतेक जण रॉड जाडीप्रमाणे लावतात. अडीच मिलिमीटरचे एकीकडे, सव्वातीनचे दुसरीकडे. माझ्या मते ही मांडणीच बहुतेक घोटाळ्यांचे मूळ आहे, कारण रॉड टिकणार की बिघडणार हे त्याच्या जाडीवर अवलंबून नसून त्यावरच्या फ्लक्सच्या, म्हणजे वितळलेल्या धातूला हवेपासून जपणाऱ्या पदार्थाच्या, लेपावर अवलंबून असते. ग्रिल-गेटसाठी सर्रास वापरला जाणारा ई ६०१३ हा रुटाइल (टायटॅनियमचे एक खनिज) लेपाचा रॉड आहे आणि तो थोडाफार दमटपणा सहन करतो. ई ७०१८ हा बेसिक, म्हणजे कमी हायड्रोजनचा रॉड आहे आणि त्याला ओलावा अजिबात चालत नाही. पाइपलाइनच्या कामाचा सेल्युलोजचा रॉड, म्हणजे ई ६०१०, याच्या अगदी उलट आहे : त्याच्या लेपात काही टक्के ओलावा असावाच लागतो, म्हणून तो कधीही भट्टीत घालू नये. पाकिटावर भारतीय मानक ८१४ प्रमाणे चिन्ह छापलेले असेल तर त्यात ‘ई’नंतरचे अक्षर पाहावे, ‘आर’ म्हणजे रुटाइल, ‘बी’ म्हणजे बेसिक आणि ‘सी’ म्हणजे सेल्युलोज. आधी या अक्षरांप्रमाणे वाटणी करावी आणि मग प्रत्येक वाटणीत जाडीचा विचार करावा.

ओलाव्याचे एवढे प्रस्थ का, हे मला एका ट्रॉलीच्या हुकाने शिकवले. पावसाळाभर उघड्या डब्यात पडून राहिलेल्या ७०१८ ने मी तो हुक जोडला होता. स्लॅग (जोडावर जमणारे फ्लक्सचे कवच) सहज निघाला, जोड देखणा आला आणि मी निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जोडाच्या कडेने केसाएवढी बारीक चीर दिसली. लेपातल्या पाण्याचे आर्कच्या, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधल्या विजेच्या ज्योतीच्या, उष्णतेने विघटन होते, त्यातला हायड्रोजन वितळलेल्या धातूत विरघळतो आणि जोड थंड झाल्यावर आत अडकून राहतो, त्यामुळे जाड किंवा कणखर पोलादाला काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही, तडा जातो. वेल्डिंग करताना डोळ्यांना काहीच दिसत नाही, हा यातला खरा धोका आहे. ओल्या ६०१३ ने इतके गंभीर संकट सहसा येत नाही; रॉड तडतडतो, शिंतोडे जास्त उडतात, जोडात छिद्रे पडतात आणि आर्क धरवत नाही, म्हणजे तो निदान आपली तक्रार बोलून तरी दाखवतो.

आता पांढऱ्या बुकटीविषयी. लेप बांधण्यासाठी वापरलेल्या सिलिकेटमधले क्षार ओलाव्याबरोबर पृष्ठभागावर येऊन वाळले की अशी बुकटी दिसते, त्यामुळे ती ओलावा आत गेल्याची खूण समजावी. पाच-सहा रॉड हातात धरून हलकेच एकमेकांवर आपटून पाहावेत. कोरडे रॉड खणखणीत वाजतात, ओल धरलेल्यांचा आवाज बद्द येतो. ६०१३ असेल, लेप शाबूत असेल आणि आतल्या तारेला गंज नसेल, तर साधारण १०० ते ११० अंश सेल्सिअसला तासभर तापवून तो ग्रिल-जाळीच्या कामाला वापरता येतो. लेपाचे टवके उडत असतील किंवा टोकाशी तारेवर तांबूस गंज दिसत असेल, तर मात्र त्या रॉडवर वीज आणि वेळ खर्च करू नये. ७०१८ ला पुन्हा भाजण्यासाठी उत्पादकानुसार साधारण २५० ते ३५० अंश तापमान आणि एक ते दोन तास लागतात. नेमका आकडा पाकिटावर असतो आणि तोच पाळावा. घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनला हे तापमान बहुधा झेपत नाही, आणि झेपत असले तरी ज्यात नानकटाई भाजायची त्यात फ्लक्स तापवणे योग्य नाही. गच्चीवर उन्हात रॉड पसरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तिने वरवरची ओल जाते, पण ७०१८ च्या लेपात भिनलेले पाणी उन्हाला दाद देत नाही. रॉड जॉबला (जोडायच्या लोखंडाला) चिकटवून लाल होईपर्यंत तापवायचा, हा साइटवरचा उपाय तर सर्वांत वाईट, कारण त्याने लेप भेगाळतो.

ठेवण्यासाठी मी ७५ मिमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे वापरतो. ३५० मिमी लांबीच्या रॉडसाठी ४०० मिमीचा आणि ४५० मिमीच्या रॉडसाठी ५०० मिमीचा तुकडा कापून एका टोकाला टोपण सोल्युशनने कायमचे चिकटवावे आणि दुसऱ्या टोकाला आटे असलेले टोपण लावावे. तळाशी फोमची चकती टाकल्यास रॉड आपटून लेप फुटत नाही. पाकिटावरचा छापील तुकडा कापून पाइपवर चिकटवावा. मार्करने लिहिलेले अक्षर वर्षभरात पुसट होते, हा माझा अनुभव आहे. सेल्युलोजचा सोडून प्रत्येक पाइपमध्ये सिलिका जेलची (ओलावा शोषणाऱ्या खड्यांची) पुडी असावी आणि तिचा रंग बदलला की ती ११० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरावी. एवढ्याने ६०१३ चे उत्तम भागते. पण ७०१८ ला हवाबंद पाइप म्हणजे केवळ विलंब आहे. पाकीट फोडल्यानंतर त्याला सुमारे १२० अंश राखणारा पोर्टेबल ओव्हनच हवा, आणि तो घेण्याइतके आपले काम नसेल तर लहानात लहान हवाबंद पाकीट कामाच्या दिवशीच फोडावे आणि उरलेले रॉड सरावाला काढावेत.

बल्ब लावलेले कपाट किंवा जुना फ्रिज हा उपाय अनेक जण सुचवतात. साधा ६० वॅटचा तारेचा बल्ब बंद कपाटातली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार ठेवतो आणि त्यामुळे ६०१३ कोरडे राहतात, हे खरे आहे. एलईडी बल्बने मात्र हे साधत नाही. बल्ब खाली, जाळीच्या आत आणि पुठ्ठ्यापासून दूर असावा. फ्रिज वापरल्यास त्याचे दार आतून ढकलून उघडेल असे करावे किंवा त्याला कुलूप लावावे, कारण घरात मुले असतात.

आपल्या शेडबाबत एक गोष्ट नाशिककरांच्या लक्षात येत नाही. आपण जून ते सप्टेंबर जपून राहतो, पण डिसेंबर-जानेवारीच्या थंड पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरते आणि ऊन चढले की ते थेंबाथेंबाने खाली टपकते. म्हणून रॉडचे फळकूट पत्र्याखाली उघडे नसावे. त्यावर झाकण हवे, मागे भिंतीपासून चार बोटे अंतर हवे आणि खाली जमिनीपासून किमान दोन फूट उंची हवी.

बाकीच्या सामानाविषयी थोडक्यात लिहितो. कटिंग आणि ग्राइंडिंगच्या चकत्या रेझिनने बांधलेल्या असतात आणि त्याही ओलावा धरतात, म्हणून त्या सपाट पृष्ठभागावर आडव्या ठेवाव्यात, खिळ्याला टांगू नयेत. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष कोरलेले असल्यास ते पाहूनच चकती ग्राइंडरला लावावी. मिगची (रॉडऐवजी सलग तार पुरवणाऱ्या वेल्डिंगची) तार मशीनमध्येच राहू दिली तर पावसाळ्यात तिच्यावर गंज चढतो आणि ती लायनरमध्ये (तार ज्यातून सरकते त्या नळीत) अडकते. स्पूल (तारेचे रीळ) काढून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवावा. स्टेनलेसचे रॉड आणि त्यांचा वायर ब्रश साध्या लोखंडाच्या ब्रशपासून पूर्ण वेगळे ठेवावेत, अन्यथा जोडावर गंजाचे डाग उमटतात. थिनर, रंग आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर या कोपऱ्यात ठेवूच नयेत : ठिणग्या दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, आणि क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटच्या वाफेवर आर्कचा प्रकाश पडला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

आपल्या मिसळलेल्या डब्यापासून सुरुवात करायची तर प्रत्येक रॉडच्या होल्डरकडच्या टोकाजवळ लेपावर छापलेला क्रमांक वाचावा आणि त्याप्रमाणे ढीग करावेत. क्रमांक पुसलेले रॉड बाजूला काढून भंगारातल्या पट्टीवर हात बसवायला वापरावेत. उघडे पडून राहिलेले ७०१८ भाजण्याची सोय नसेल तर तेही त्याच ढिगात टाकावेत, आणि झोका, जिना, ट्रॉली किंवा पाण्याच्या टाकीचा स्टँड अशा कोणाचा भार पेलणाऱ्या कामाला त्यातला एकही रॉड लावू नये.