घरी पहिल्यांदा इंजिन ऑइल बदलताय? मग एवढं सांभाळा

जरूर करा, जमेल. ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर लागेल हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा (इंजिनखालचा, जुनं ऑइल काढायचा बोल्ट) वॉशर नवाच घ्या.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड आणि पुढे दोन जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारे पक्के स्टँड). स्टँड नसतील तर काम पुढे ढकला, यात तडजोड नाही.

इंजिन दोन-चार मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल नीट निथळतं, कडकडीत गरम हात भाजतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- इंजिनऐवजी गिअरबॉक्सचा बोल्ट उघडतात. आधी खात्री करा.
- जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहतं, त्यावर नवा फिल्टर बसवला की गाडी सुरू होताच ऑइलची धार लागते. बोट फिरवून बघा. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा आणि फिल्टर हातानेच आवळा, पान्याने नाही.
- ड्रेन बोल्ट परत बसवताना जोर लावून पिळतात. सम्प (इंजिनखालचं ऑइल साठणारं भांडं) ॲल्युमिनियमचा असेल तर आटे जातात आणि खर्च वाढतो. सुरुवातीचे आटे बोटांनीच बसवा.

ऑइल थोडं कमीच ओता, इंजिन मिनिटभर चालवा, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा, मग लागेल तसं वाढवा. जास्त झालेलं ऑइलही इंजिनला त्रासच देतं.

जुनं ऑइल गटारात ओतू नका. रिकाम्या कॅनमध्ये भरून, ते घेणाऱ्या गॅरेजला द्या.

फ्लशिंग (इंजिन आतून धुणं), ॲडिटिव्ह (ऑइलमध्ये मिसळायची रसायनं) वगैरे सध्या डोक्यातच आणू नका.