द्वीपकल्पातला ‘कल्प’ कल्पनेचा नव्हे

एका काल्पनिक किनारी राज्याची कथा लिहू पाहणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या आपल्या राज्याचे वर्णन ‘काल्पनिक द्वीपकल्प’ असे केले तर ती द्विरुक्ती होईल काय. ‘द्वीपकल्पा’त कल्पना आधीच आलेली आहे, असे त्यांना कोणा जाणकाराने बजावले म्हणे. राज्यातल्या बंदरांच्या गावांना आणि तिथल्या धर्ममतांना नावे कशी द्यावीत, असाही त्यांचा पुढचा प्रश्न आहे.

द्विरुक्ती मुळीच होत नाही, आणि ‘द्वीपकल्प म्हणजे कल्पिलेले बेट’ ही फोड आता तरी थांबावी. ही फोड इतक्या ठिकाणी इतक्या आत्मविश्वासाने सांगितली जाते की, ऐकणाऱ्याला ती शाळेत शिकल्यासारखी वाटू लागते. येथे ‘कल्प’ हा स्वतंत्र शब्द नसून प्रत्यय आहे. पाणिनीने ‘ईषदसमाप्तौ कल्पब्देश्यदेशीयरः’ (५.३.६७) या सूत्रात त्याचा अर्थ नेमका बांधून दिला आहे: एखादी गोष्ट पूर्णत्वाला किंचित कमी पडते तेव्हा हा प्रत्यय लागतो. विद्वत्कल्प म्हणजे विद्वान म्हणायला थोडाच उणा, आणि मृतकल्प म्हणजे मेल्यातच जमा. त्याच न्यायाने द्वीपकल्प म्हणजे बेट व्हायला थोडेसे उरलेला भूभाग. तीन बाजू समुद्राने घेतल्या, चौथ्या बाजूची जमीन तेवढी शिल्लक राहिली. ती उरलेली जमीन म्हणजेच सूत्रातली ‘ईषदसमाप्ती’. लॅटिनमधल्या ‘पेनिन्सुला’चाही शब्दशः अर्थ ‘जवळजवळ बेट’ असाच आहे.

मराठीने द्वीपकल्प सोडून हिंदीतला ‘प्रायद्वीप’ घ्यावा, असे सुचवणारेही भेटतात, आणि त्यांचे म्हणणे मला अजिबात मान्य नाही. ‘प्राय’ हा ‘जवळजवळ’ या अर्थाने येतो तेव्हा तो समासाच्या शेवटी बसतो: मृतप्राय, नष्टप्राय. त्या वळणाने जायचे तर ‘द्वीपप्राय’ म्हणावे लागेल. हिंदीत प्रायद्वीप रुळला आहे, तो तिथे सुखाने नांदो. परंतु ज्या भाषेकडे सूत्राला धरून घडलेला शब्द आहे, तिने उलट्या बांधणीचा शब्द कशासाठी उसना घ्यावा, हे त्यांपैकी कोणी पटेल असे सांगितलेले नाही.

शुद्धलेखनाचा मुद्दा यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण नकाशावर एकदा चुकीचे नाव उमटले की तेच पुढे चालते. ‘द्विपकल्प’ असे ऱ्हस्व लिहिले की त्या शब्दातून समुद्र नाहीसा होतो आणि हत्ती उभा राहतो. द्विप म्हणजे दोहोंनी, सोंडेने आणि मुखाने, पिणारा. अमरकोशात हत्तीच्या नावांत ‘अनेकप’ आणि ‘द्विप’ शेजारीशेजारी आहेत. त्यातला ‘प’ पिण्याचा आहे. द्वीपातला ‘प’ मात्र पाण्याचाच आहे, आणि ज्यासाठी हे सारे लिहावेसे वाटले ती गोष्ट इथून सुरू होते.

द्वीप या शब्दात द्वि आणि अप् हे दोन घटक आहेत. अप् म्हणजे पाणी. वेदात हा शब्द बहुतेक अनेकवचनी ‘आपः’ असा भेटतो. परंपरेने दिलेला विग्रह ‘द्विर्गता आपो यस्मिन्’, म्हणजे जिथे पाणी दोन वाटांनी गेले आहे ती जागा, असा आहे. चारी बाजूंनी वेढलेल्या जमिनीला ‘दोन’ कसे लागू पडतात, असा प्रश्न इथे नेहमी येतो. माझे मत असे की, हा शब्द मुळात समुद्राचा नाहीच, तो नदीचा आहे. वाहती नदी एका जागी दुभंगते, दोन्ही अंगांनी वाहते आणि पुढे पुन्हा एक होते. मधली भूमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी दोनच बाजूंना भरते. व्यासांना द्वैपायन हे नाव ज्या द्वीपावरून पडले, तेही यमुनेतले होते. समुद्राची ओळख वाढली तसा शब्द खाऱ्या पाण्यात उतरला आणि त्याच्यातले ‘दोन’ लोक विसरून गेले.

आता ‘दुआब’ पाहावा. दो म्हणजे दोन, आब म्हणजे पाणी. फारसीतला ‘आब’ आणि संस्कृतातला ‘अप्’ हे एकाच मुळाचे, तसेच ‘दो’ आणि ‘द्वि’ही. म्हणजे द्वीप आणि दुआब हे घटकांच्या दृष्टीने सख्खी भावंडे ठरतात. एकात जमिनीच्या दोन्ही अंगांना एकाच नदीचे दोन ओघ आहेत, दुसऱ्यात दोन वेगळ्या नद्या आहेत, इतकाच फरक. फारसी शब्द परका आणि संस्कृत शब्द आपला, अशी वाटणी करणाऱ्यांनी या जोडीपुढे क्षणभर थांबावे.

पण द्वि आणि अप् मिळून ‘द्व्यप’ व्हायला हवे होते, मग ‘द्वीप’ कसे झाले? पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र केले: ‘द्व्यन्तरुपसर्गेभ्योऽप ईत्’ (६.३.९७), म्हणजे द्वि, अन्तर् आणि उपसर्ग यांच्यापुढे अप् मधल्या अकाराचा ईकार होतो. त्यातून द्वीप, अंतरीप (हेही बेटच), प्रतीप (उलट) आणि आपण रोज वापरतो तो समीपसुद्धा सिद्ध होतो. लगेच पुढचे सूत्र ‘ऊदनोर्देशे’ (६.३.९८) सांगते की, अनु या उपसर्गापुढे प्रदेशाच्या अर्थी ऊकार होतो, आणि त्यातून ‘अनूप’ मिळतो. दोन सूत्रे आणि दोन वेगळे स्वर दिसतात, पण त्यांच्यामागचे कारण एकच आहे. भारोपीय, म्हणजे संस्कृत, फारसी, लॅटिन ज्यात येतात त्या कुळातल्या, भाषांचे अभ्यासक सांगतात की, अप् च्या आरंभी एके काळी घशातून उच्चारले जाणारे एक व्यंजन होते. समासात त्या व्यंजनापुढचा अकार गळला, पुढे ते व्यंजनही लोपले आणि जाताना आपल्या आधीच्या स्वराला दीर्घ करून गेले. म्हणून द्वि मधला ‘इ’ लांबून द्वीप झाला आणि अनु मधला ‘उ’ लांबून अनूप झाला. अशा लुप्त वर्णांचे अनुमान भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांनी १८७९ च्या प्रबंधात केवळ तर्काच्या बळावर मांडले होते; १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी दाखवून दिले की, याच कुळातल्या, आजच्या तुर्कस्तानात एके काळी बोलल्या जाणाऱ्या हित्ती भाषेत त्या जागी खरोखर एक व्यंजन लिहिलेले आढळते. नदीला हित्तीत ‘हापा’ म्हणत, आणि तो शब्द आपल्या अप् शी जोडला जातो. पाणिनीने त्या व्यंजनाची पाऊलखूण दोन सूत्रांत जशीच्या तशी नोंदवून ठेवली, याचे मला प्रत्येक वेळी नव्याने अप्रूप वाटते. अंतरीपातला ईकार मात्र द्वीपाच्या नमुन्यावर नंतर आला असावा, असे मला वाटते, कारण अन्तर् च्या शेवटी लांबवायला स्वरच नाही.

प्रश्नकर्त्यांनी या कुळातून एक शब्द उचलायचाच असेल तर तो अनूप उचलावा. अमरकोश म्हणतो, ‘जलप्रायमनूपं स्यात्’, आणि त्याच ओळीत ‘कच्छ’ही त्याच प्रकारचा म्हणून सांगतो. आयुर्वेदातही भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार आहेत; त्यांतला आनूप म्हणजे मुबलक पाण्याचा, ओलसर प्रदेश. मुलांच्या नावांच्या याद्यांमध्ये अनूपचा अर्थ ‘ज्याला उपमा नाही असा’ एवढाच दिलेला असतो. तो व्रजभाषेतल्या कवितेतून आलेल्या अनुपमच्या रूपाला लागू आहे. भूमीच्या नावात पाणीच आहे. राज्याच्या सखल, खाजणांनी भरलेल्या किनारपट्टीला ‘अनूप’ आणि उंच कोरड्या मुलुखाला ‘जांगल’ म्हटले, तर दोन प्रांतांची नावे एका जुन्या जोडीतून मिळतात, आणि वाचकाला भूगोल वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

गावांच्या नावांबद्दल थोडक्यात सांगतो. बंदर हा शब्द फारसी आहे म्हणून टाळावा, हे सांगणे मला पटत नाही. मात्र कल्पित राज्यात तो वापरला की, तिथे फारसी बोलणाऱ्या खलाशांची ये-जा होती, एवढा इतिहास आपोआप गृहीत धरला जातो. तो नको असेल तर संस्कृतात वेलाकूल आहे आणि पत्तनही आहे. जैन टीकांमध्ये येणाऱ्या एका श्लोकात पत्तन आणि पट्टन यांत भेद केला आहे: जिथे गाड्या, घोडे आणि नावा या सर्वांनी जाता येते ते पत्तन, आणि जिथे केवळ नावेनेच पोहोचता येते ते पट्टन. एका अक्षरावरून गावाला जमिनीची वाट आहे की नाही, हे कळण्याची अशी सोय सहसा मिळत नाही.

धर्ममतांना ‘वरुणवाद’, ‘चंद्रवाद’ अशी नावे कृपया देऊ नयेत. वाद हा सिद्धांताचा असतो; उपासनेसाठी भाषेत आदिवृद्धीची, म्हणजे शब्दाचा पहिला स्वर वाढवण्याची, सरळ वाट आहे. विष्णूपासून वैष्णव आणि शिवापासून शैव होतो, तसे वरुणापासून वारुण, चंद्रापासून चांद्र आणि सूर्यापासून सौर. प्रत्येक भूमीचे दैवत वेगळे असावे, ही कल्पनाही नवी नाही. विष्णुपुराणातल्या द्वीपवर्णनात प्लक्षद्वीपाचे लोक हरीला सोमरूपात, शाल्मलद्वीपाचे वायुरूपात आणि शाकद्वीपाचे सूर्यरूपात भजतात. चार वर्णांची नावेसुद्धा द्वीपागणिक बदलतात, शाकद्वीपात तर ती मग, मागध, मानस आणि मंदग अशी आहेत. एकच हरी आणि त्याची द्वीपागणिक निरनिराळी रूपे, ही तिथली मांडणी आहे. आपल्या राज्यातली मते अशी एकाच दैवताची रूपे आहेत की परस्परांना न मानणारी, हे लेखकाने आधी ठरवावे: पहिल्या स्थितीत ‘संप्रदाय’ हा शब्द बसतो, दुसऱ्या स्थितीत ‘धर्म’च म्हणावे लागते.