माकडहाड काढलं का, ते लिहून घ्या

ताई, चार दिवसांच्या बाळाच्या माकडहाडापाशी लिंबाएवढी गाठ, डॉक्टर टेराटोमा म्हणाले आणि सासरचे "जरा मोठी होऊ दे, मग बघू" म्हणतायत, हे तुमचं वाचलं आणि जेवण तसंच राहिलं. आमच्या पोरीला हेच होतं, आम्ही खानापूरकडचे. सॅक्रोकॉक्सिजियल टेराटोमा म्हणजे माकडहाडापाशी जन्मतःच असलेली, वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींची गाठ, हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून झालं म्हणणाऱ्यांना उंबऱ्याबाहेर ठेवा. पस्तीस-चाळीस हजारांत एका बाळाला होतं, मुलींना जास्त.

मी डॉक्टर नाही, हार्डवेअरचं दुकान आहे माझं, पण थांबू नका. लहानपणी ही गाठ बहुतेक साधी असते, महिने गेले की कॅन्सरची शक्यता वाढते.

आता आमची चूक. ऑपरेशन झालं, डिस्चार्ज कार्डावर एवढंच, "गाठ काढली". ह्यात गाठीबरोबर माकडहाडही काढावं लागतं, ठेवलं तर गाठ परत यायचा धोका बराच वाढतो, हे आम्हाला कुठलं ठाऊक! सहा महिन्यांनी कोल्हापूरला दाखवलं तर पहिलाच प्रश्न, "कॉक्सिक्स, म्हणजे माकडहाड, काढलंय ना?" मी बायकोकडे बघतोय, बायको माझ्याकडे. मग त्या दवाखान्याच्या (नाव घेत नाही) रेकॉर्ड रूमला फेऱ्या सुरू. एकदा किल्लीवाला रजेवर, एकदा म्हणे अर्ज कन्नडमध्ये आणा, तो नेला तर फाईल आईच्या नावाने, "बेबी ऑफ" अमुक, आणि जन्मदाखल्यावर पोरीचं नाव, म्हणजे पोर तुमचीच कशावरून, ॲफिडेव्हिट करा! शेवटी पॅथॉलॉजी रिपोर्टात एक ओळ सापडली, हाड गाठीसोबतच निघालंय. त्या एका ओळीसाठी दोन महिने झोप नाही ओ.

म्हणून घरी यायच्या आधी ऑपरेशन नोट आणि पॅथॉलॉजी रिपोर्ट दोन्हीच्या झेरॉक्स मागूनच घ्या, लाजू नका.

एएफपी म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, गाठ परत येतेय का ते कळायला तपासतात; त्याचा रिपोर्ट आला की घाबरू नका. तान्ह्या बाळाचा आकडा हजारांत असतो, लॅबवाले बाजूला मोठ्या माणसाची रेंज छापतात, आमच्या मेव्हण्याने ती बघून रात्री अकराला फोन करून रडायला लावलं सगळ्यांना. आकडा खाली येतोय का ते बघायचं, शक्यतो एकाच लॅबमध्ये. आम्हाला दर तीन महिन्यांनी, तीन वर्षं सांगितलं होतं, तुमचे डॉक्टर सांगतील तसं करा. शी-शूला त्रास होतोय का तेही त्यांना सांगत जा.

आणि रिपोर्टचा फोटो इथे टाकू नका, बाळाचं नाव-नंबर सगळं असतं त्यावर.